मधुमेहात अंगावरचं मांस का उतरतं? इन्सुलिन आणि प्रथिनांचं नातं

मृण्मयी_वाई
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात आधी शोधून पाहिलं, पण मधुमेहावरचे सगळे धागे साखर, भात आणि गोळ्यांभोवती फिरतात. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे.

माझ्या सासऱ्यांना बरीच वर्षं टाइप २ मधुमेह आहे. मधल्या काळात शुगर सतत तीनशेच्या वर राहिली. मांड्या बारीक झाल्या, खांद्याची हाडं दिसायला लागली, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. जेवण मात्र कमी नव्हतं, उलट भूक वाढली होती. आता डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय आणि प्रथिनं वाढवा म्हणालेत. शेजारचे काका सांगतात, प्रथिनांचीही शेवटी साखरच होते, वाढवू नका. भाच्याने जिममधून बीसीएए (तीन ठरावीक अमिनो आम्लं) पावडरचा डबा आणून ठेवलाय. आणि सासरे म्हणतात, इन्सुलिनने माणूस फुगतो, मला नको.

साखर वाढल्याने स्नायू का झिजावेत? इन्सुलिनचा प्रथिनांशी नेमका संबंध काय? समजलं तर घरात नीट समजावता येईल.

कडधान्य
महत्त्वाचा विषय. वाचते आहे.

रसायनशाळा
मृण्मयीताई, मी बायोकेमिस्ट्री शिकवतो, डॉक्टर नाही. औषधांबद्दल बोलणार नाही, पण शरीरात काय घडतं ते सांगतो.

इन्सुलिन म्हणजे साखर कमी करणारं संप्रेरक, एवढंच आपण ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात जेवण झाल्याची बातमी ते सगळ्या शरीराला देतं. स्नायूंना सांगतं की अमिनो आम्लं (ज्यांपासून प्रथिनं बनतात ते घटक) आत घ्या, प्रथिनं बांधा आणि मुख्य म्हणजे असलेली प्रथिनं मोडू नका. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं. बांधणी वाढायला रक्तात पुरेशी अमिनो आम्लंही लागतात. मोडतोड थांबवायला मात्र थोडं इन्सुलिनही पुरतं.

अडचण अशी की जादाच्या साखरेसाठी ग्लायकोजेन (यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर) आहे, तेलातुपासाठी चरबी आहे, पण अमिनो आम्लं राखून ठेवायला शरीरात वेगळी जागाच नाही. स्नायू हीच कणगी आणि इन्सुलिन हा तिच्यावरचा राखणदार. राखणदार गेला की स्नायूंतली प्रथिनं रोज बांधली जातात त्यापेक्षा जास्त मोडतात. सुटलेली अमिनो आम्लं, विशेषतः ॲलॅनिन आणि ग्लुटामिन, रक्तातून निघतात. ॲलॅनिन यकृतात जातं. तिथे त्यातला नायट्रोजन काढून युरिया होतो आणि उरलेल्या कार्बनच्या सांगाड्यापासून नवी ग्लुकोज तयार होते. ग्लुटामिनपासून मूत्रपिंडही ग्लुकोज करतं. म्हणजे रक्तात आधीच साखर ओसंडत असताना यकृत स्नायू वापरून आणखी साखर करत बसतं, कारण ‘आता पुरे’ हा इन्सुलिनचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही जादा साखर लघवीवाटे जाते. तुमच्या सासऱ्यांची भूक वाढलेली असूनही वजन उतरत होतं, ते यामुळे.

दुसऱ्या शतकातल्या ॲरेटियस या ग्रीक वैद्याने या रोगाचं वर्णन ‘मांस आणि अवयव वितळून लघवीत जातात’ असं केलं होतं. त्याला ना ग्लुकोज माहीत होती ना नायट्रोजन. पण रुग्ण त्याने फार नीट पाहिला होता.

अन्वयची_आई
रसायनशाळा सर, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलाला टाइप १ आहे. निदान झालं तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. नातेवाईक म्हणत, ‘उंची वाढतेय म्हणून बारीक झालाय.’ रात्री चारचारदा पाण्याला उठायचा. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच गालांवर मांस आलं. तेव्हा मला ती जादू वाटली होती. आज तिचं कारण कळलं.

ज्यांची मुलं अचानक बारीक होत आहेत, खूप पाणी पीत आहेत, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आहेत, त्यांनी त्याच दिवशी शुगर तपासा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

तिखटजाळ
माझा थोडा विरोध नोंदवतो. इन्सुलिन घेतल्यावर जे वजन वाढतं ते मांसाचंच असतं असं कोणी समजू नये. आधी लघवीतून वाया जाणाऱ्या कॅलरीज अंगात राहायला लागतात. जेवण तेवढंच ठेवलं तर बरीचशी चरबीच चढते. माझ्या थोरल्या भावाचं पोट असंच सुटलं. त्यामुळे मृण्मयीताईंच्या सासऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही.

रसायनशाळा
तिखटजाळ, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. इन्सुलिन चरबीचीही राखण करतं. वाढलेलं वजन किती मांसाचं आणि किती चरबीचं, हे माणूस काय खातो आणि स्नायूंना काही काम देतो की नाही यावर ठरतं. पण ज्याच्या मांड्या बारीक झाल्यात त्याने पोट सुटेल या भीतीने इन्सुलिन टाळणं म्हणजे उरलेलं मांसही घालवणं.

आणखी एक फरक सांगतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे झीज झपाट्याने होते. मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांनी टाइप १ च्या स्वयंसेवकांचं इन्सुलिन देखरेखीखाली थोडा वेळ थांबवून ही झीज मोजली आहे. ल्यूसिन हे अमिनो आम्ल त्या काळात जास्त जळताना दिसतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. साखरेच्या बाबतीत हा बधिरपणा जास्त आणि प्रथिनांच्या मोडतोडीच्या बाबतीत कमी असतो, म्हणून टाइप २ चे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं तब्येतीने भरलेले दिसतात. शुगर दीर्घकाळ तीनशेच्या वर राहिली आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड थकलं की मग मांस उतरायला लागतं.

जुनीपाने
इतिहासात रस असणाऱ्यांसाठी. १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फार कमी जणांना माहीत असतं. अशा कुत्र्यांना कर्बोदकं दिली नाहीत तरी लघवीत साखर येतच राहते. मिन्कोव्स्कीने लघवीतली साखर आणि नायट्रोजन यांचं प्रमाण काढलं, ते साधारण २.८ ला १ भरलं. नायट्रोजन येतो प्रथिनांतून, म्हणजे साखरही तिथूनच येत असणार. पुढे अमेरिकेत ग्रॅहम लस्क यांनी फ्लोरिझिन (साखर लघवीवाटे बाहेर काढणारं द्रव्य) दिलेल्या कुत्र्यांत हेच प्रमाण ३.६५ ला १ काढलं.

इन्सुलिन येण्याआधी डॉक्टरांकडे एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. फ्रेडरिक ॲलन यांचा उपाशी आहार त्या काळी प्रसिद्ध होता. मुलं त्यावर थोडी जास्त जगत, पण हाडांचे सापळे होऊन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं तो लेनर्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि वजन होतं ६५ पौंड, म्हणजे तीस किलोसुद्धा नाही. पहिलं टोचणं फारसं लागू पडलं नाही. तिथल्याच कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा दिलं, तेव्हा गुण आला. तो पुढे १९३५ पर्यंत जगला.

शेजारचे_काका
(मृण्मयीताईंच्या शेजारचा मी नव्हे, नाव योगायोगाने जुळलं!)

जुनीपाने यांनी ३.६५ चा आकडा दिलाच आहे तर हिशेब करा. १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिनं. त्यातून ३.६५ ग्रॅम साखर, म्हणजे ५८ टक्के. मग ‘प्रथिनांची साखर होते’ म्हणणाऱ्या त्या काकांचं चुकलं कुठे?

घरचा_ग्लुकोमीटर
काका, माझा टाइप २ आहे आणि मला घरी मोजून पाहायची सवय आहे. दोन उकडलेली अंडी किंवा पनीर खाऊन दोन तासांनी शुगर जवळजवळ हलत नाही. पोहे खाल्ले की चढते. ५८ टक्के साखर होत असती तर मीटरने सांगितलं असतं.

रसायनशाळा
दोघांचंही म्हणणं जुळतं. ५८ टक्के हा आकडा अजिबात इन्सुलिन नसल्यासारखी अवस्था असलेल्या प्राण्याचा आहे. त्या अवस्थेत शरीर जितकी जमेल तितकी साखर करतं. ज्याच्या अंगात थोडंतरी इन्सुलिन आहे त्याने प्रथिनं खाल्ली की अमिनो आम्लं स्वतःच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. सोबत ग्लुकॅगॉन हे इन्सुलिनच्या उलट, साखर वाढवणारं संप्रेरकही सुटतं. यालाही कारण आहे. नुसतं मांस खाल्ल्यावर फक्त इन्सुलिन वाढलं असतं तर साखर धोकादायक उतरली असती. ग्लुकॅगॉन यकृताकडून थोडी साखर सोडवून घेतं आणि दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. म्हणून टाइप २ मध्ये प्रथिनांनी मीटरवर फार फरक दिसत नाही.

सगळीच अमिनो आम्लं साखर होऊही शकत नाहीत. ल्यूसिन आणि लायसिन यांच्यापासून ग्लुकोज बनत नाही. त्यांचा प्रवास किटोनकडे (चरबी जळताना बनतात ती द्रव्यं) आणि चरबीकडे होतो.

अन्वयची_आई
टाइप १ मध्ये मात्र फरक दिसतो, हे अनुभवाने सांगते. रात्री पनीर किंवा चिकन भरपूर झालं की झोपताना आकडा छान असतो आणि तीन-चार तासांनी चढायला लागतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की याच्याकडे ग्लुकॅगॉन सुटतं, पण त्याला तोल द्यायला स्वतःचं इन्सुलिन नाही. त्यांनी अशा जेवणासाठी डोस कसा द्यायचा ते आखून दिलंय. ज्यांच्या घरी टाइप १ आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या, स्वतःहून युनिट वाढवू नका.

पहाटजिम
मला त्या बीसीएए डब्याबद्दल बोलायचंय. मीही घेतो. पण मध्ये वाचलं की ज्यांच्या रक्तात बीसीएए जास्त त्यांना पुढे मधुमेह होतो. म्हणजे आम्ही पैसे देऊन मधुमेह विकत घेतोय का? कोणी खरं काय ते सांगेल का?

रसायनशाळा
खूप चांगला प्रश्न. बीसीएए म्हणजे ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन. लठ्ठ माणसांच्या रक्तात ही जास्त असतात हे फेलिग, मार्लिस आणि केहिल यांनी १९६९ सालीच दाखवलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीतून आणखी ठळक गोष्ट पुढे आली. ही तीन आणि टायरोसिन व फिनाइलॲलॅनिन अशी पाच अमिनो आम्लं रक्तात जास्त असलेल्या, पण तेव्हा साखर नॉर्मल असलेल्या लोकांना पुढच्या १२ वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता जास्त होती. लंडनच्या साउथॉल-ब्रेंट भागातल्या सेबर पाहणीत दक्षिण आशियाई लोकांमध्ये टायरोसिनचा संबंध युरोपीय लोकांपेक्षा जास्त घट्ट दिसला. आपल्यासाठी हे महत्त्वाचं.

आता आधी काय आणि नंतर काय? बहुतेक अमिनो आम्लं यकृतात मोडतात. पण बीसीएएच्या मोडणीची पहिली पायरी करणारं एन्झाइम यकृतात फारच कमी असतं, त्यामुळे ती यकृतातून निसटून स्नायू आणि इतर ऊतींपर्यंत जातात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात चरबीच्या ऊतीतलं आणि यकृतातलं पुढचं जाळण्याचं काम मंदावतं, म्हणून ती रक्तात साचतात. या दृष्टीने ती कारणापेक्षा लक्षण जास्त ठरतात. दुसरीकडे, २००९ मध्ये न्यूगार्ड यांच्या गटाने उंदरांना चरबीयुक्त आहारासोबत बीसीएए दिले तेव्हा इन्सुलिनचा परिणाम आणखी कमी झाला. जनुकीय अभ्यासांतही दोन्ही दिशांचे पुरावे आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही.

डब्याबद्दल माझं स्पष्ट मत: बांधणीला वीसही अमिनो आम्लं लागतात. तीनच देऊन भागत नाही. अंडी, दूध, डाळ, मासे यांत ल्यूसिन असतंच. सत्तरीतल्या माणसाला हा डबा नको.

पहाटजिम
धन्यवाद सर. डबा संपला की दुसरा आणणार नाही. आई खूश होईल, तिचा तर आधीपासूनच विरोध होता.

ज्वारीची_भाकर
अवांतर: ज्वारीत ल्यूसिन फार असतं असं ऐकलंय. आता भाकरीही सोडायची का? मग आम्ही सोलापूरकरांनी जगायचं कसं!

जुनीपाने
भाकरी सोडू नका. पण या प्रश्नामागे आपल्याच मातीतली गोष्ट आहे. पेलाग्रा हा नायसिनच्या (बी३ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेचा रोग जगभर मका खाणाऱ्यांत दिसायचा. आपल्या दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्यूसिन ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन बनण्याच्या आड येत असावं. पुढे या मांडणीवर बरेच वाद झाले. पण एक अमिनो आम्ल दुसऱ्याच्या वाटेत येऊ शकतं हा विचार आपल्याकडच्या रुग्णांवरून पुढे आला, याचा मला अभिमान वाटतो. तो आजार अशा घरांतला होता जिथे ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं. भाकरीसोबत डाळ, ताक, शेंगदाण्याची चटणी असेल तर निर्धास्त खा.

ज्वारीची_भाकर
जीव भांड्यात पडला!

प्रयोगवही
मीही एक अवांतर जोडतो. इन्सुलिन स्वतःच ५१ अमिनो आम्लांचं आहे. ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३०. ही रचना उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं नोबेल मिळालं. डुकराचं इन्सुलिन माणसापेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळं, गायीचं तीनने, म्हणून इतकी वर्षं ती माणसांना चालली. आजचं लिस्प्रो हे झटपट इन्सुलिन म्हणजे बी साखळीच्या टोकाजवळच्या प्रोलिन आणि लायसिनची अदलाबदल. तेवढ्यानेच रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि इंजेक्शन लवकर लागू पडतं.

आणि दर तीन महिन्यांनी आपण करतो ती एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची चाचणी? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल व्हॅलिन. त्याला चिकटलेली ग्लुकोज मोजतात.

औंधकर
पुण्याचा विषय निघाला नाही म्हणून मी लिहितो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतो, हे त्या एका फोटोत दिसतं. जेवणानंतर इन्सुलिन साखर ढकलतं ती मोठ्या प्रमाणावर स्नायूंतच. स्नायू मुळातच कमी, त्यात आणखी झिजले, तर साखर जाणार कुठे? म्हणून या धाग्याचा विषय मला आपल्या लोकांसाठी फार जवळचा वाटतो.

त्यांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. ज्या आयांमध्ये फोलेट हे जीवनसत्त्व जास्त पण बी१२ जीवनसत्त्व कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम सगळ्यात कमी दिसला. बी१२ कमी असलं की मेथिओनिन या अमिनो आम्लापासून बनलेलं होमोसिस्टीन परत मेथिओनिनकडे वळवता येत नाही आणि रक्तात साचतं. हाही अमिनो आम्लांचाच गोंधळ.

कडधान्य
औंधकर, यावरून आठवलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे माझ्या बाबांचं फारच खाली गेलं होतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे मधुमेहावर ढकलत होते. मृण्मयी, सासरे मेटफॉर्मिनवर असतील तर बी१२ तपासायला सांग.

मृण्मयी_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. हो, ते मेटफॉर्मिनवर आहेत आणि बी१२ कधीच तपासलेलं नाही, उद्याच विचारते. सासऱ्यांना लेनर्ड थॉम्पसनची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे हे औषध माझं मांस वाचवायला आहे.’ इन्सुलिन घ्यायला तयार आहेत.

आता मूळ प्रश्नातला उरलेला भाग. प्रथिनं वाढवायची म्हणजे किती? किडनीचं काय?

रसायनशाळा
आधी किडनीची तपासणी. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) दोन्ही पाहायला हवं. अल्ब्युमिन आधी वाढू शकतं आणि क्रिएटिनिन नॉर्मल असतं. त्यातही एक खाच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे स्नायू झिजलेल्या माणसाचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हातारपणी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. किडनीचा आजार असेल तर सहसा ०.८ च्या आसपास थांबवतात. डायलिसिसवर गणित पुन्हा बदलतं. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टरच ठरवतील. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, कच्ची तूरडाळ १०० ग्रॅम म्हणजे साधारण २२ ग्रॅम. पण घरात वरण पातळ करतात, वाटीत डाळ किती असते ते बघा. सगळं रात्रीच्या जेवणात ढकलण्याऐवजी तिन्ही वेळा थोडं थोडं द्या.

पहाटजिम
आणि व्यायाम! खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, इतकं घरी करता येतं. नुसत्या चालण्याने मांड्या भरत नाहीत. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहा, आणि इन्सुलिनवर असताना व्यायामाने शुगर उतरू शकते म्हणून खिशात साखर ठेवा.

तिखटजाळ
अनुमोदन. भावाला हेच करायला लावतो.

अन्वयची_आई
एक राहिलं. पुढच्या आठवड्यात एकादशी आहे. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, नुसता पिष्टमय पदार्थ. उपास करायचाच असेल तर दही, दूध, शेंगदाणे घ्या. आणि ‘आज जेवण नाही म्हणून इन्सुलिन नाही’ असं टाइप १ च्या माणसाने कधीही करू नये. पोटात काही नसतानाही यकृत साखर करत असतं आणि स्नायू मोडत असतात, त्यासाठीच ते लांब टिकणारं इन्सुलिन असतं. डोस कमी करायचा तर आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. मृण्मयीताई, सासऱ्यांसाठीही आधीच विचारून ठेवा.

मृण्मयी_वाई
ते दर एकादशीला खिचडी खातात! उद्या बी१२ सोबत हेही विचारते.